चाकं नसलेल्या गाडीचा मीटर

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता. वागळे इस्टेटच्या एका टूलरूममध्ये, साचे-डाय बनवत तीस वर्षं घासलेला माणूस आहे मी. जे मोजता येत नाही ते नसतंच, असं छातीठोकपणे सांगणारा. बायको अमावस्येला माझ्या बाइकला लिंबू-मिरची बांधायची आणि मी कोपऱ्यावर वळलो की ती काढून टाकायचो. तरीही हे लिहितोय, कारण माझ्या आगाऊपणामुळे एका म्हाताऱ्या माणसाचा जीव जाता जाता राहिला. ज्याने माझं काही वाकडं केलं नव्हतं अशा माणसाचा...

राहायला मी डोंबिवलीत. लहानपणापासून दोन सीटच्या, बुटक्या स्पोर्ट्स कारचं वेड. तशी जुनी गाडी विकत घेणं काही आपल्या आवाक्यातलं नाही, म्हणून मीच बनवायला घेतली. चॅसी अडुसष्ट सालची, इंजिन चौऱ्याहत्तरचं, दरवाजे एक्क्याऐंशीच्या एका सेडानचे कापून बसवलेले. मागची उजवी स्प्रिंग एका गाडीची, डावी दुसरीची. बायको तिला खिचडीच म्हणायची. काम चालायचं कोलशेतला, बाळारामच्या शेडमध्ये. बाळाराम पाटील म्हणजे माझा आयटीआयपासूनचा दोस्त, तिथला मूळचा आगरी. आजूबाजूला टॉवर उभे राहिले तरी ही शेड त्याने कुणाला दिली नाही.

राहिला होता मीटर, गाडी किती किलोमीटर चालली ते दाखवणारा. तो मिळाला खडवलीला, मोकाशी नावाच्या एका म्हाताऱ्या काकांकडे. त्यांच्या अंगणात त्यांची जुनी गाडी कित्येक वर्षं गंजत उभी होती. काका अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेले. त्यांची मुलगी मेधा म्हणाली, "काढून न्या, बाबांना आता कुठे कळतंय?" मी डॅशबोर्ड उघडून मीटर काढत होतो तेव्हा खिडकीतून काका एकटक माझ्या हातांकडे बघत होते. मला जरा अवघडल्यासारखं झालं, पण हात थांबले नाहीत.

चहा घेताना मेधाने सांगितलं, की काका आयुष्यभर कोलशेतच्या एका केमिकल कंपनीत होते. रोज हीच गाडी घेऊन खडवली ते कोलशेत, आणि परत. कंपनी बंद पडून जमाना झाला. पण अंथरुणाला खिळल्यापासून काकांच्या डोक्यात ती ड्युटी परत सुरू झाली होती. सकाळी आठला म्हणायचे, "निघतो गं." मग दिवसभर डोळे मिटून पडून राहायचे. संध्याकाळी साडेपाचला डोळे उघडून "आलो गं" म्हटलं, की मगच काकूंच्या हातून चार घास खायचे. त्याआधी कितीही विनवण्या करा, पाण्याचा थेंब नाही.

काकू हसून म्हणाल्या, "त्या साडेपाचसाठी तर मी दिवस काढते. आले म्हटलं की जिवात जीव येतो."

मी मान डोलावली आणि मीटर घेऊन निघालो.

जुन्या गाड्या बांधणाऱ्यांत एक रीत आहे. गाडी अगदी पायापासून नवीन बांधली, की जुन्या मीटरचे आकडे सुईने मागे फिरवून शून्यावर आणायचे. नवा जन्म, नवा मीटर. मीही आणले. मीटर डॅशबोर्डमध्ये बसवला. गाडी तेव्हा लाकडी ठोकळ्यांवर उभी होती. चाकं नाहीत, इंजिन नाही, मीटरला केबलसुद्धा जोडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ड्युटीवरून आलो, तर मीटरवर आकडा अठ्ठ्याहत्तर.

मला वाटलं बाळारामने मस्करी केली. शिव्या घातल्या, परत शून्य केलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा अठ्ठ्याहत्तर. मग नुसता बघत राहिलो – एकशे छप्पन्न, दोनशे चौतीस... रोज अठ्ठ्याहत्तरची भर. फक्त शुक्रवारी आकडा जागचा हलायचा नाही. रजा टाकून दिवसभर समोर स्टूल टाकून बसलो. नजर होती तोवर काही नाही. साडेनऊच्या सुमाराला बाळारामने चहा आणला, मी कप घ्यायला वळलो, परत बघतो तर एकोणचाळीस वाढलेले. संध्याकाळी साडेपाचला शिंक आली, तेवढ्यात उरलेले एकोणचाळीस.

मेधाने सांगितलेलं सगळं मी बाळारामला सांगितलं होतं. त्याचा चेहरा उतरला. "अरं, मना सांग, गारीला चाकं नाय, इंजान नाय, मंग ही धावतंय कशी? खडवली किती लांब हाय इथनं?"

मी मोबाइलवर रस्ता काढला. एकोणचाळीस किलोमीटर.

"तो म्हातारा ड्युटीला येतंय," बाळाराम म्हणाला. "आन् शुक्रवारची ती कंपनी बंद असायची. माझा बाप व्हता ना तिथं वॉचमन."

मी त्याला वेड्यात काढलं. जुन्या मीटरच्या चकत्या सैल असतात, हायवेवरच्या ट्रकांनी जमीन हादरते, त्याने सरकत असतील... बोललो खरं, पण रोज बरोबर अठ्ठ्याहत्तर कशा सरकतात, हे काही मला सांगता येईना. आणि सांगता येत नाही म्हटलं की माझं डोकं फिरतं.

पुढे तीन-चार महिन्यांत गाडी उभी राहिली. चाकं लागली, इंजिन सुरू झालं, रंगाचं तेवढं बाकी. मीटरचं ते चालूच. मित्रांना गाडी दाखवायची वेळ आली आणि न चाललेल्या गाडीवर हजारो किलोमीटर! एका बुधवारी दुपारी मला राहवलं नाही. आकडा सकाळीच एकोणचाळीसने पुढे गेला होता. मी काच काढली, चकत्यांवर सुपर ग्लूचा एक थेंब सोडला.

"आता फिर म्हणावं," मी म्हणालो.

बाळारामने कपाळावर हात मारला. "म्हातारा इथं पोचलाय ना रं. आता परत कसा जाल?"

मी हसलो. खरंच हसलो मी तेव्हा.

गुरुवारी दुपारी मीटरच्या पावतीसाठी मेधाला फोन केला. ती रडतच बोलली. "बाबा कालपासून उठलेच नाहीत हो. काल साडेपाचला आई वाटी घेऊन बसली, 'आलो' म्हणालेच नाहीत. डॉक्टर येऊन गेले. श्वास चालू आहे, पण म्हणाले, जवळच्यांना बोलवून घ्या. आई उंबऱ्यात बसलीय, तिथून हलत नाही."

काय करतोय हे समजायच्या आत मी टूलरूममधून ॲसिटोनची बाटली उचलली होती. कोलशेतला येऊन, कापसाच्या बोळ्याने एकेक चकती सोडवत बसलो. मग केबल जोडली. बाळारामला म्हटलं, "बस, खडवलीला जाऊ."

"मी बाइकवरनं येतंय मागनं. त्या सीटवर मी नाय बसाचा." त्याने डावीकडच्या रिकाम्या सीटकडे बघितलंसुद्धा नाही.

ती पहिली राइड... जिच्यासाठी मी चार वर्षं घालवली. माजिवड्याला ट्रॅफिक, भिवंडी बायपासला धूळ, सिग्नलवर पोरं फोटो काढतायत. मला काही दिसत नव्हतं. एकच जाणवत होतं, गाडी डाव्या अंगाला बसलीय. शेडमध्ये लेव्हल लावून तपासली होती, तेव्हा सरळ होती. मी स्वतःला समजावलं, स्प्रिंगा दोन वेगवेगळ्या सालांतल्या, भार पडल्यावर एक जास्त दबणारच. पण भार होता कुठे डावीकडे? पडघ्याला वळल्यावर मी मोठ्याने म्हणालो, "काका, चुकलं माझं." आयुष्यात रिकाम्या सीटशी मी पहिल्यांदा बोललो.

खडवलीला पोचलो तेव्हा साडेपाच होऊन गेले होते. मीटर एकोणचाळीसने पुढे होता, पण तो आता केबलने फिरला होता, त्याचं काही नाही. काकू खरंच उंबऱ्यात होत्या. मी इंजिन बंद करून उतरायच्या आत त्या उठल्या, माझ्याकडे न बघता सरळ डाव्या बाजूला गेल्या. दार उघडलं. थकलेल्या माणसाला उतरवताना धरतो तसा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "या. सावकाश."

आणि गाडीची डावी बाजू वर आली.

मी आत बसलेलो होतो. कमरेला कळलं मला. साठेक किलोचा माणूस उतरल्यावर स्प्रिंग जेवढी वर येते, बरोबर तेवढी. मागे बाइकवर बाळाराम होता, त्यानेही बघितलं. तो हात जोडून उभा राहिला.

आतून मेधाची हाक आली, "आई! आई, बाबांनी डोळे उघडले!"

काकू धावल्या नाहीत. हात तसाच धरल्यासारखा पुढे ठेवून, एकेक पायरी थांबत घरात गेल्या. नंतर मी त्यांना विचारलं, तुम्ही डावीकडचं दार का उघडलंत? त्यांना ना मीटर आपोआप फिरतो हे माहीत होतं, ना मी येणार हे. म्हणाल्या, "दुसऱ्याच्या गाडीतून आलेला माणूस डावीकडूनच उतरणार ना?" जणू काही मीच खुळा.

मीटर मी त्याच दिवशी काढून त्यांना परत केला. काकूंनी तो काकांच्या उशाशी ठेवलाय. आकडा अजून हलतो का, हे विचारायची माझी हिंमत झालेली नाही. काका आहेत, जेवतायत, एवढं मेधा फोनवर सांगते. त्या स्प्रिंगा मी काढून तपासल्या, दोन्हींवर वजन टाकून बघितलं. रिकाम्या सीटने कुठलीच स्प्रिंग दबत नाही. कुणाला याचं उत्तर ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी हरलो.

पण त्या संध्याकाळचं एक राहिलं. मी आत जाऊन काकांच्या पायांना हात लावला. आदल्या दिवसापासून ते शुद्धीवर नव्हते, मी कोण, कशाने आलो, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. मग काकूंना अडखळत म्हणाले, "यांना चहा दे गं... इतक्या लांब मला सोडायला आलेत."