गुरांचा ढेकर आणि माझे साडू

ढेकर या गोष्टीकडे माझ्या थोरल्या साडूंइतक्या आदरानं पाहणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात दुसरा नाही. माणसांच्या ढेकराशी त्यांना काही कर्तव्य नाही. त्यांचा जीव गाई-म्हशींच्या ढेकरात. सिल्लोडच्या बाजूला जन्मभर जनावरांचे डॉक्टर म्हणून नोकरी करून ते निवृत्त झाले, सिडकोत आमच्या मागच्या गल्लीत राहायला आले, आणि एका सकाळी त्यांनी पेपरात वाचलं की पृथ्वी तापवणारे जे वायू आपल्या देशातून हवेत जातात, त्यांत गुरांचा वाटा मोठा आहे. दुसरा कुणी पान उलटून राशिभविष्याकडे वळला असता. साडू मात्र घरातल्याच कुणावर पोलिसात तक्रार झाल्यासारखे अस्वस्थ झाले.

तेव्हापासून कुठलाही समारंभ सुरक्षित राहिला नाही. त्यांच्या स्वतःच्या मुलीच्या साखरपुड्यात होणाऱ्या व्याह्यांनी केवळ बोलायचं म्हणून विचारलं, "सध्या काय चालू असतं?" व्याह्यांच्या हातात श्रीखंडाची वाटी होती. साडू म्हणाले, "लोकांना वाटतं गुरांचा वायू मागून जातो. नाय. तोंडावाटे जातो. चारा पोटात आंबतो, मिथेन तयार होतो आणि ढेकरातून बाहेर पडतो." व्याह्यांनी वाटी हळूच खाली ठेवली. माझ्या मेहुणीनं नवऱ्याला बाजूला घेऊन सांगितलं, "पोरीची पाठवणी होईपर्यंत तरी तोंड बंद ठेवा." त्यांनी ते ठेवलं, पण लग्नात मांडवाबाहेर एक गाय रवंथ करत बसली होती, तिच्यासमोर ते बराच वेळ कौतुकानं उभे असलेले सगळ्या वऱ्हाडानं पाहिले. जालना रोडवरही तेच. गाय दिसली की स्कूटर थांबलीच. मागचे हॉर्न वाजवून थकतात.

पण माणूस आंधळा भक्त नाही. "वाटा आहे, तो नाकारायचा नाय," ते म्हणतात. "पण मुक्या जनावराला गुन्हेगारबी म्हणायचं नाय. नुसत्या कडब्यावर ठेवलेली म्हैस ढेकर तर देतेच, दूध मात्र कमी देते. खाणं सुधारा, म्हणजे त्याच वायूत जास्त दूध येतं." एवढं पटवण्यासाठी ते करमाडच्या गोठ्यागोठ्यांतून हिंडले. कडबा कुट्टी करून घाला, हिरवा चारा मिसळा, पेंड द्या. लोकांनी चहा पाजला आणि कडबा होता तसाच टाकला. ऐकलं ते एकट्या हमीदभाईंनी. त्यांच्या म्हशींचं दूध वाढलं, तेव्हा साडूंनी आमच्या गल्लीत पेढे वाटले.

गेल्या हिवाळ्यात पुण्याहून एक संशोधक बाई याच विषयाच्या अभ्यासासाठी आल्या. साडूंनी त्यांना अर्थातच हमीदभाईंचा गोठा दाखवायचं ठरवलं आणि गाडी चालवायला मला घेतलं. पोहोचलो तर हमीदभाई फाटकातच उभे. "डॉक्टरसाब, अच्छा हुआ आप आ गये. कालीनं रस्सी तोडली, ओला लसूणघास खाल्ला. पेट देखो उसका."

काली म्हणजे त्यांची सगळ्यात दुधाळ म्हैस. घर तिच्यावरच चालत होतं. तिची डावी कूस ढोलासारखी फुगली होती, जीभ बाहेर आली होती. साडूंनी बाह्या सारल्या. त्यांचा आवाज एकदम वेगळा झाला. "वायू कोंडलाय. ढेकर आला नाही तर म्हैस जाईल. बाई, कासरा धरा." पुण्याच्या बाईंनी पर्स माझ्याकडे फेकली आणि कासरा धरला. साडूंनी म्हशीचे पुढचे पाय उंचवट्यावर घेतले, तिच्या तोंडात कडुलिंबाची काडी आडवी बांधली म्हणजे ती चघळत राहील, आणि घोटाघोटानं गोडं तेल पाजलं. मग कूस चोळायला लागले. हमीदभाईंच्या बेगम दारात उभ्या राहून दुवा मागत होत्या. साडूंचा सदरा घामानं पाठीला चिकटला, हात थांबेनात. मी बाईंची पर्स छातीशी धरून उभा होतो.

आणि काली ढेकरली. लांब, खोल, आंबट वासाचा तो ढेकर सरळ बाईंच्या तोंडावर आला. मागोमाग दुसरा आला. कूस उतरायला लागली. बाई हसत होत्या आणि डोळेही पुसत होत्या. म्हणाल्या, "सर, देशाच्या हिशेबात हा वायू कुणाच्या नावावर मांडू?"

"माझ्या नावावर मांडा," साडू म्हणाले.

परतीच्या वाटेवर त्यांच्या अंगाला म्हशीचा वास येत होता आणि मी खिडकीची काच मुद्दाम खाली केली नव्हती, असं नाही. पण हा माणूस माझा साडू आहे हे रस्त्यावरच्या प्रत्येकाला थांबवून सांगावंसं वाटत होतं.

परवा साडूंबरोबर पुन्हा त्या बाजूला गेलो होतो. शेंद्र्याच्या पुढे एका ओळखीच्या शेताजवळ त्यांनी गाडी थांबवायला लावली. घरात ट्रॅक्टर आला होता, गुरं विकून झाली होती. कोरड्या गव्हाणीच्या कडेवर ते बसले.

"इथला वायू संपला," ते म्हणाले. "मला कमीच करायचा होता. पण असा नाय."

मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

"इथं बैल होते," ते म्हणाले. "नावं सांगू?"

मी त्यांच्या शेजारी बसलो, आणि ते एकेक नाव सांगू लागले.