आजारपणात चालते

“हात काढ.”

गडवा माझ्या हातात होता. पाणी कोमट करून मीच आणलं होतं. मोठ्या बाईंना मागच्या अंगणात फळीवर निजवलं होतं आणि बायकांनी चारी बाजूंनी लुगडी आडवी धरली होती. पहिला गडवा खांद्यावर घालणार, तोच त्यांची लेक बोलली. ती नागपूरहून सकाळीच आली होती.

मी म्हटलं, “ताई, रोज मीच घालते आंघोळ.”

“आजारपणात चालते,” ती म्हणाली. “आता नाई. आता घरच्या बायका घालतील.”

बाजूला एक म्हातारी मावशी उभी होती. दुसरीच्या कानात बोलल्यासारखं करून, पण मला ऐकू यावं इतक्या मोठ्यानं म्हणाली, “चार वर्स घर बाटलंच होतं वो. मुर्दा तरी सोवळा राहू द्या.”

मी हात काढला. गडवा खाली ठेवला. लेकीनं तो घेतला नाही. पायानं सारला आणि आतून दुसरा मागवला.

मी लुगड्यांच्या बाहेर येऊन उभी राहिले. आतून खसाखसा घासण्याचा आवाज येत होता. बाईंच्या पाठीवर, माकडहाडाजवळ, पडून पडून जखम झाली होती. तिथे घासायचं नसतं. ओला कपडा नुसता टेकवायचा असतो. मेलेल्या माणसाला काय दुखणार, हे मलाही समजतं. तरी मी तिथे उभी राहून दात आवळत होते.

आम्ही बौद्ध. ते व्यापारी लोक. समुद्रपूरला त्यांचं कापडाचं दुकान. मोठ्या बाईंना लकवा झाला तेव्हा त्यांची सेवा करायला मला ठेवलं. चार वर्षं मी त्यांचं हगणंमुतणं काढलं, वेणी घातली, भात कालवून घास भरवला. त्यांच्या खोलीत मी जाऊ शकत होते. स्वयंपाकघरात नाही. माझा चहा मागच्या दाराशी, वेगळ्या कपात. मी पीत होते. हेही लिहिलं पाहिजे. चार वर्षं पीत होते.

पण ज्या गोष्टीची मला लाज वाटते ती ही नव्हे. गडव्याचीही नव्हे. ती त्याच्या दहा दिवस आधीची.

मोठ्या बाई अर्ध्या तोंडानं बोलायच्या. बोलणं मलाच समजे. त्या दिवाळीत त्या दोनदा दवाखान्यात जाऊन आल्या होत्या. दुसऱ्यांदा आल्या तेव्हा नाकात नळी होती आणि ती काढू नये म्हणून चांगला हात पलंगाला बांधलेला होता. नळी निघाल्यावर एका दुपारी मला म्हणाल्या, “आता मले नेऊ देऊ नको माय. इथंच मरू दे. या खिडकीजवळ.”

मी म्हटलं, “दादाले सांगा ना. मले काऊन सांगता?”

“त्याले टाइम कुठं हाये? तू सांगजो.” मग म्हणाल्या, “आन् शेवटचं पाणी तूच घालजो. लेक माही धसमुसळी हाये. कातडं सोलते.” आणि त्या हसल्या. एका बाजूनं.

मी हो म्हटलं. हातावर हात ठेवून हो म्हटलं.

महिनाभरानं त्यांचा श्वास घरघरू लागला. घरचे बाहेरच्या खोलीत जमले. न्यायचं की नाही यावर बोलणं सुरू होतं. थोरला मुलगा म्हणत होता, नागपूरला नेऊ. धाकटा म्हणत होता, आता काय न्यायचं. सून रडत होती. मग थोरल्याचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी दारात उभी होते. त्यानं विचारलं, “बाई, दिवसभर तू राहते आईजवळ. काई बोलली काय तुह्याजवळ? काय पाहिजे म्हणून?”

विचारलं त्यानं. सरळ विचारलं. आजही मला त्याचं तोंड दिसतं. त्याला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

आणि मी म्हटलं, “नाई दादा.”

का म्हटलं? मी पुष्कळ कारणं शोधली. मी दारात होते, ते सगळे गादीवर बसले होते. दारातून एवढी मोठी गोष्ट कशी बोलायची, असं वाटलं. उद्या म्हणतील, बाईनं आईला दवाखान्यात नेऊ दिलं नाही, मारून टाकलं. तू कोण आमच्या घरात बोलणारी, असं कोणी म्हणेल. ही सगळी कारणं खरी आहेत. पण त्यातलं एकही बाईंच्या उपयोगाचं नव्हतं.

गाडी आली. स्ट्रेचरवर घेताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्या पायावर चादर नीट केली.

नऊ दिवस नागपूरला. हात बांधलेला होता असं सुनेनंच सांगितलं. दहाव्या दिवशी आणलं ते मयत.

म्हणून त्या अंगणात मी गडवा घेऊन पुढे झाले होते. दोन गोष्टी सांगितल्या होत्या, एक तरी करावी. तीही झाली नाही.

तिरडी गेली. पुरुष स्मशानातून परत आले. सुनेनं खोलीतल्या चादरी, गोधड्या, लंगोटांचे कपडे माझ्यासमोर आणून टाकले. “हे तेवढं धुऊन टाक वो बाई. मग तू मोकळी.”

आजारपण संपलं होतं, पण घाण माझीच राहिली होती. मी म्हटलं, “नाई धुवत.”

“काय म्हटलं?”

“नाई धुवत म्हटलं. घरच्या बायका धुतील.”

मग माझं तोंड उघडलं ते उघडलंच. थोरल्या मुलासमोर जाऊन मी सगळं सांगितलं. खिडकी सांगितली. नळी सांगितली. शेवटचं पाणी सांगितलं. मला वाटलं तो ओरडेल, हाकलून देईल. तो ओरडला नाही. पांढऱ्या धोतरावर ओलाच उभा होता. म्हणाला, “मग मी इचारलं तेव्हा काऊन नाई बोलली?”

मावशीनं बाटलं म्हटलं त्याचा राग येतो, राग सोसता येतो. या प्रश्नाचं काही करता येत नाही. त्यांनी मला माणूस धरलं नाही, हे खरं. पण ज्या एका वेळी धरलं, त्या वेळी मी मोलकरीण झाले.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या जावेला कॅन्सर निघाला. तिचे तीन पोरगे भांडत होते, ऑपरेशन करायचं की नाही, आणि मेल्यावर मूठमाती की अग्नी. ती खाटेवर जिवंत पडली होती आणि तिला कोणी विचारत नव्हतं. मी तिघांनाही खाटेभोवती बसवलं. म्हटलं, आता ती बोलेल, तुम्ही ऐका. शाळेच्या वहीत मी माझ्या वाकड्या अक्षरात लिहून घेतलं आणि तिघांच्या सह्या घेतल्या. ती म्हणाली तसंच झालं.

मग लोक बोलवायला लागले. बस्तीतला एक म्हातारा माझ्यावर खेकसला, “मी जिता हावो आन् तुमी माह्या मयतीचा ठराव पास करता काय?” मी म्हटलं, “मेल्यावर तुमाले सभेत कोण बसू देणार हाये बाबा?” तो हसला. मग दोन पानं लिहवून घेतली.

मागच्या महिन्यात जाम गावातल्या एका मोठ्या घरातून बोलावणं आलं. त्यांची आजी खूप आजारी. मी गेले तर ओसरीवर स्टूल दिलं. आत बसा कोणी म्हटलं नाही. जात विचारून झाली होती, हे मला चेहऱ्यांवरून समजलं. मी दारापर्यंत गेले. पुढे सून आडवी उभी होती. म्हणून दारातूनच मोठ्यानं विचारलं, “आजी, तुमाले काय पाहिजे?”

सून म्हणाली, “अहो, हळू बोला.”

“हळू बोलल्यानं एक बाई गेली हाये माही,” मी म्हटलं. आणि पुन्हा विचारलं.

आतून आवाज आला, “आधी तो टीव्ही बंद करा.”

केला. मग ती बोलली. काय बोलली ते तिच्या घरचं आहे, इथे लिहीत नाही. तिच्या मुलांनी ऐकलं. चहा मला आणला तो कागदी कपात. मी घेतला नाही.

याच्यानं माझं जुनं धुतलं जात नाही. धुतलं जावं म्हणून मी हे करत नाही. मरणाऱ्या माणसानं मला काही सांगितलं तर मी ते त्याच दिवशी, त्याच्या घरच्या सगळ्यांसमोर, ओरडून सांगेन. आत बसवोत की दारात उभं करोत. माझ्या विटाळाची भीती त्यांची त्यांनी सांभाळावी.

समुद्रपूर तालुका. वय सत्तर. शाळा चौथीपर्यंत. त्या दारात उभी राहून “नाई दादा” म्हणणारी बाई मीच आहे.