शेजारच्या सीटवरचे आबा

बबनआबांनी गाडीचा रोग सांगितला, की ते लगेच पलीकडचं दार उघडून आत बसायचे. पिशवी मांडीवर, चपला पायाखाली. "चल आता. काय होत न्हाई म्हणलोय ना, मंग मी बी संगट येतो." कुठं निघालाय, परत कधी येणार, काही विचारायचं नाही!

आमच्या राहू गावात बहुतेकांच्या पिकअप जुन्या. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला, की आधी आबांना हाक जायची. जन्मभर उसाचे ट्रॅक्टर चालवलेला माणूस. हात कापायला लागले तसं स्टेअरिंग सुटलं. मग मुलानं स्कॅनर आणून दिला. काडेपेटीएवढी डबी. ती स्टेअरिंगखाली खोचली की बिघाडाचा कोड मोबाइलवर दिसायचा. आबा चष्मा पुसून तो पत्रिका वाचावी तसा वाचायचे. "दिवा खोटं बोलत न्हाई," म्हणायचे, "पर बोलतो आर्धंच. उरलेलं आपुन हुडकायचं." आणि खरं सांगू? आबांचं ते उरलेलं अर्धं बऱ्याचदा चुकायचं. आम्ही तोंडावर चेष्टा करायचो. "चुकलं तर वाटंत मी हाय की," हे ठरलेलं उत्तर. भलता हट्टी म्हातारा!

एका वर्षी माझा सगळा झेंडू दसऱ्यावर धरलेला होता. दसरा सरला की झेंडूला कुत्रं विचारत नाही. खंडेनवमीच्या पहाटे क्रेट भरून पुण्याच्या मार्केटला निघालो, गाडी चालू केली, तर पिवळा दिवा! आबा टॉवेल खांद्यावर टाकून आले. कोड निघाला: डिझेलचा दाब कमी.

"काल गाडी धुतली का?"

"धुतली की. पूजेसाठी. मोटारीच्या पाइपानं."

"मंग झालं! प्लगात पानी गेलंय." आबांनी सेन्सरचा प्लग काढला, फुंकला, टॉवेलानं कोरडा केला आणि मोबाइलवरून कोड उडवला. दिवा गेला. आबा पलीकडच्या दारानं आत.

यवतच्या पुढं दिवा परत लागला. गाडीची ओढच गेली. एक सायकलवाला आम्हाला मागं टाकून गेला. गाडी कडेला घेतली. आबांनी पुन्हा डबी खोचली. तोच कोड. माझ्या तोंडात शिवी आली होती, पण त्यांचा चेहरा बघून गिळली.

"चुकलं माझं, संपत. प्लग न्हाई, डिझेलचा फिल्टर चोंदला आसंल. आधी त्योच बघाया पायजे व्हता."

एवढ्या पहाटे दुकान कुठलं उघडं? आबा खाली उतरले आणि हात वर करून रस्त्यात उभे राहिले. मांडवगण फराटा गावची एक पिकअप करकचून थांबली. "आबा? तुमी हितं?" तो गडीही कधीतरी आबांना असाच शेजारी बसवून पुण्याला गेलेला. त्यानं आपली शेवंती सरकवून माझे सगळे क्रेट घेतले.

मी म्हणालो, "आबा, तुम्ही जावा. मी थांबतो."

"फुलं तुझी, तू जा. चूक माझी, गाडीपाशी मी."

झेंडू सगळा विकला गेला. नवा फिल्टर घेऊन दुपारी परतलो, तर आबा केबिनमध्ये झोपलेले. बॉनेटवर हार. क्रेट हलवताना सांडलेली फुलं त्यांनी सुतळीत ओवली होती, त्या कापऱ्या हातांनी. "खंडेनवमी हाय आज," डोळे चोळत म्हणाले. "गाडीवर राग धरू नगंस. तिनं आपलं सांगितलं व्हतं." मला हसू आलं, रडूही आलं. इतका जीव लावणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गेल्या उन्हाळ्यात आबा वारले. स्कॅनर मुलानं माझ्याकडं दिला.

परवा भावकीतला दत्तू टोमॅटो भरून दारात आला, दिवा लागलेला, तोंड उतरलेलं. मी कोड वाचला. आधी फिल्टर बघितला, मग वायर, मग प्लग. म्हणालो, "जा बिनघोर, काय होत न्हाई."

दत्तू स्टेअरिंगवर बसला, गाडी चालू केली, पण हलेना. नुसता माझ्याकडं बघत राहिला.

"दादा, येताय न्हवं?"

मी पायात चपला सरकवल्या आणि पलीकडचं दार उघडलं.