मुद्देमालातला राजहंस

ती घटना आठवली की आजही मला स्वतःचीच चीड येते.

उटनूर भागातल्या एका ठाण्यात मी सब-इन्स्पेक्टर होतो. एका सकाळी एक विधवा बाई फिर्याद घेऊन आली. तिचा राजहंस चोरीला गेला होता. हवालदार हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो.

"हसू नका साहेब," ती म्हणाली. "मादी अंड्यावर बसून हाय. नर पहाऱ्याले नसला तर कुत्रे तिले सोडत नाहीत."

तिने आणि तिच्या नवऱ्याने वर्षानुवर्षं निवडून निवडून कुरळ्या पिसांचे शोभेचे राजहंस तयार केले होते. नवरा वारला, मग एका साथीत बाकीचे पक्षी गेले. उरली ती ही एक जोडी. तिची सगळी भिस्त त्या अंड्यांवर होती.

दोन दिवसांनी खबऱ्याने बातमी आणली की निर्मलच्या रस्त्यावर एका फार्महाऊसच्या हौदात तसाच पक्षी फिरतो आहे. आम्ही गेलो. मालक म्हणाला, विकत घेतलाय. मी त्याच्या ड्रायव्हरला बाजूला घेतलं. खोटं बोलणारा माणूस न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, हा माझा अनुभव. मी नुसतं त्याचं नाव विचारलं, तर तो म्हणाला, "साहेब, मी त्या गावाले गेलोच नाही."

बाईने एक खूण सांगितली होती. पिल्लू अंड्यातून निघालं की त्याच दिवशी ती बोटांमधल्या पडद्याला बारीक भोक पाडायची. पंचांसमोर आम्ही पक्ष्याचा डावा पाय पाहिला. भोक होतं. ड्रायव्हरने हात जोडले. "मालकानं आणाले लावलं साहेब. बाई विकत नोती."

इथेच हे प्रकरण संपायला हवं होतं. पण मालक वजनदार माणूस. त्याने वकील उभा करून पक्ष्यावर हक्क सांगितला. उद्या बालंट आपल्यावर नको, म्हणून मी राजहंस मुद्देमालात घेतला आणि कोर्टाच्या हुकुमाची वाट पाहत बसलो. तो ठाण्याच्या फाटकाशी उभा राहून येणाऱ्याजाणाऱ्यावर फिस्कारायचा. शिपाई म्हणायचे, साहेब, नवा पहारेकरी मिळाला. मलाही गंमत वाटायची.

बाई दिवसभर काठी घेऊन घरट्यापाशी बसून असायची. पुरवणी जबाबावर सही हवी म्हणून मी तिला बोलावलं आणि कामाच्या गडबडीत दोन तास बाकावर बसवून ठेवलं.

"काऊन ठेवून राह्यले त्याले, साहेब? मी इथं बसली तं तिकडं कोनी नाही."

"हुकूम येऊ द्या, बाई," मी म्हणालो.

ती घरी पोचली तेव्हा कुत्र्यांनी मादी फाडली होती. एकही अंडं शाबूत नव्हतं.

हुकूम चार दिवसांनी आला. राजहंस मी स्वतः जीपमधून नेला. अंगणात सोडताच तो धावत त्या रिकाम्या घरट्यापाशी गेला आणि पंख पसरून आमच्यावर फिस्कारू लागला. बाई रडली नाही. "आता कायले राखतं रे बापा," एवढंच म्हणाली.

ड्रायव्हरला शिक्षा झाली, मालक सुटला. वरिष्ठांनी तपासाचं कौतुक केलं. ते ऐकताना मान वर करवली नाही. सांभाळायला अवघड असा मुद्देमाल हमीपत्र घेऊन फिर्यादीला देण्याची सोय कायद्यात आहे. मला ती पहिल्या दिवसापासून माहीत होती. त्यासाठी सही फक्त माझीच लागत होती.