ब्रसेल्सच्या घुमटीपाशी ठेवलेले बूट

मुलांनो, ब्रसेल्स बेल्जियममध्ये आहे, हे तुम्ही भूगोलात शिकलात. अमेरिकेतही विस्कॉन्सिन राज्यात एक ब्रसेल्स आहे, आणि तिथे माणसांपेक्षा गाई जास्त दिसतात. तुमची नीलाआत्या त्याच राज्यात शिकते. मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी तिने मला गाडीत बसवलं. "आई, नवे बूट घाल हं. खूप वॉक करायचंय."

पोचलो तेव्हा जवळच्या मोठ्या सरोवरावरून आलेलं धुकं मक्याच्या शेतांवर टेकलं होतं. शंभराहून अधिक वर्षांपूर्वी बेल्जियमचे शेतकरी इथे आले. जंगल तोडून त्यांनी लाकडी घरं बांधली आणि ती मोठ्या वणव्यात जळाली. म्हणून पुढची घरं लाल विटांची. त्यांच्यामागे पाव भाजायच्या भट्ट्या. खाणावळीत आलुबुखाराचं सारण भरलेला, वर गोड चीज थापलेला एक पदार्थ मिळाला. मी दोनदा घेतला. तुमच्या आईला सांगू नका.

रस्त्याकडेला जागोजागी पांढऱ्या चॅपेल (नवस फेडायला बांधलेल्या घुमट्या) आहेत. चार माणसं मावतील एवढ्याच. एकीच्या दारात मी बूट काढले आणि आत जाऊन बसले. मेणबत्ती जळत होती. किती वेळ गेला कोण जाणे.

बाहेर पाऊल वाजलं. शेजारच्या घरातली म्हातारी मारी हातात फुलं घेऊन माझ्या बुटांकडे बघत उभी होती.

"हे तुमचे?"

"हो. देवाच्या दारात आम्ही पायातलं बाहेर काढतो."

तिचा चेहरा उतरला. "मला वाटलं, कुणी माझ्या नवऱ्यासाठी, जोसेफसाठी ठेवले. पूर्वी कुणाचा पाय बरा व्हावा म्हणून शेजारी इथे बूट ठेवून अनवाणी घरी जायचे. आता कुणी करत नाही. उद्या त्याच्या पायाचं ऑपरेशन आहे."

मी मोजे सारखे केले. "मग त्याच्यासाठीच ठेवले असं समजा."

ती डोळे पुसत हसली. "एवढेसे? आमच्या जोसेफचा नुसता अंगठा मावेल त्यात!"

ओल्या गवतातून मी मोज्यांनीच गाडीपर्यंत गेले. नीला ओरडली, "आई! लोक अमेरिकेहून बूट आणतात, तू ठेवून चाललीस?"

विमानाने घरी परतताना माझ्या पायांत जुन्याच चपला होत्या. जोसेफचं पुढे काय झालं, मला कळलं नाही. पण पहाटे अर्धवट जाग येते तेव्हा धुक्यातून एक उंच म्हातारा काठीशिवाय चालत येताना दिसतो. घुमटीपाशी वाकतो, माझे बूट तळहातावर ठेवतो आणि विचारतो, "मारी, ही कुणाची गं पोर येऊन गेली?"