रिकामा नोटीस बोर्ड

माझ्या दादाने मला फसवलं. सख्ख्या थोरल्या भावाने, दिवसाढवळ्या, त्याच्या ठाकुर्लीच्या घरात बसवून, हातात चहाचा कप देऊन फसवलं. मी जुन्या दारं-खिडक्यांचा धंदा करते. ठाण्यापासून कल्याणपर्यंत जिथे म्हणून जुनी बिल्डिंग पाडून टॉवर उभा राहतो, तिथली दारं, चौकटी, ग्रिल मी उचलते आणि कोपरच्या माझ्या गोडाऊनमधून विकते. कळव्याच्या चाळीत वाढलेली मी, एका मोडक्या खिडकीपासून सुरुवात केली आणि इथवर आले, ती कोणाच्या मेहरबानीने नाही, जिभेच्या जोरावर. बिल्डरांनी मला फसवायचा प्रयत्न केला आणि स्वतः फसले. दादाला मात्र ते जमलं. कसं जमलं ते सांगायचं तर आधी दादा कसा होता ते सांगायला हवं.

अख्ख्या डोंबिवलीत माझ्या दादाइतका नियमाचा माणूस झाला नाही आणि पुढेही व्हायचा नाही. तो त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता, सलग बावीस वर्षं, कारण त्याच्यासमोर उभं राहायची कोणाची हिंमत नव्हती. जिन्यापाशी एक काचेचा नोटीस बोर्ड होता आणि दादाच्या खिशात लाल स्केचपेन. ‘सभासदांना कळविण्यात येते की’ अशी सुरुवात करून त्याने कबुतरांपासून कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत सगळ्यांवर नोटिसा काढल्या. गॅलरीतल्या कुंड्या टेपने मोजायचा. गळ्यात शिट्टी असायची. खाली पोरं क्रिकेट खेळली की शिट्टी वाजायची, बॉल जप्त व्हायचा. मी एकदा टेम्पो घेऊन वहिनीला पापड द्यायला गेले, तर पाच मिनिटांच्या पार्किंगची पावती फाडली, आणि पावती फाडून झाल्यावर मला म्हणाला, "ये, बस, जेवून जा." घरातसुद्धा फ्रिजवर नोटीस होती, दार विनाकारण उघडे ठेवू नये. वहिनी त्याखाली ‘वाचले’ म्हणून सही करायची आणि फ्रिज हवा तेवढा वेळ उघडा ठेवायची. त्या दोघांचा संसार असा सहीशिक्क्याने छान चालला होता.

त्यांच्या चौथ्या मजल्यावर एक सिस्टर राहतात. नगरकडच्या, ख्रिस्ती, दवाखान्यातून निवृत्त झालेल्या. त्यांनी चपलांचं कपाट पॅसेजमध्ये ठेवलं म्हणून दादाने त्यांना तीनदा दंड लावला होता. तिन्ही वेळा त्यांनी न बोलता भरला. पुढे वहिनी अंथरुणाला खिळली, पाठीला जखमा झाल्या, आणि एका संध्याकाळी सिस्टर हातात ड्रेसिंगचा डबा घेऊन दारात उभ्या. कोणी बोलावलं नव्हतं. पाच महिने रोज आल्या, वहिनी गेली त्या दिवसापर्यंत. दादा त्यांना तो जुना दंड परत द्यायला लागला तर म्हणाल्या, "राहू द्या हो, चपला पॅसेजमध्येच होत्या." मग तुम्हाला देऊ तरी काय, असं त्याने विचारलं. त्या म्हणाल्या, "काही नको. मलाही असंच मिळालंय."

असंच म्हणजे कसं, एवढं विचारायला दादा त्यांच्या पाठोपाठ रविवारी कल्याणला प्रार्थनेला गेला. पुढच्या रविवारी परत गेला. वर्षभराने त्याने बाप्तिस्मा घेतला आणि आमच्या घरात भांड्यांचा आवाज वाढला. कळव्याला राहणारा आमचा धाकटा भाऊ दुसऱ्याच दिवशी रिक्षा घेऊन आला आणि दादाकडचे गणपतीचे पाट, समया, आरतीचं तबक सगळं उचलून घेऊन गेला. शेजारीपाजारी दबक्या आवाजात विचारायचे, किती मिळाले? मीही विचारलं. मी धंद्यातली बाई, मला आधी भाव कळायला लागतो. दादा म्हणाला, "सगळंच मिळालं गं. फुकट." माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांच्या धंद्यात मी एकच गोष्ट शिकलेय, फुकटच्या मालात कुठेतरी खोट असते. त्या दिवसापासून मी ती खोट शोधत होते.

सगळ्यात आधी त्याने नोटीस बोर्ड रिकामा केला. एका सकाळी बिल्डिंगमधले लोक खाली उतरले तर काचेमागे नुसतं हिरवं कापड. माणसं घाबरली. सेक्रेटरी आजारी आहे का, म्हणून चेअरमन घरी येऊन गेले. मग दादाने जप्त केलेले बॉल बाहेर काढले. माळ्यावर गोणीभर निघाले, प्रत्येकावर तारीख आणि फ्लॅट नंबर लिहिलेला. तो गोणी खांद्यावर टाकून ते बॉल परत करत निघाला. ती पोरं आता पोरं कुठली, टक्कल पडलेले बाप्ये झालेले, कोणी ठाण्याला, कोणी कल्याणला फ्लॅट घेतलेले. एकाच्या घरी पाहुणे बसलेले असताना हा दारात. म्हणाला, "हा तुझा बॉल. मी चुकलो." तो माणूस मला नंतर भेटला. सांगत होता, काकू, मी बॉल घेतला आणि बाथरूममध्ये जाऊन रडलो.

माझ्या धंद्याची तर त्याने वाट लावली. ठाण्यात एक बिल्डिंग पाडायला काढली होती, तिथली सागवानी दारं मी बघायला गेले आणि दादाला सोबत नेलं, ही माझी चूक. दार बघून मी कपाळाला आठ्या घातल्या आणि कॉन्ट्रॅक्टरला म्हटलं, वाळवी लागलीये, हे सरपणात जाणार. तो बिचारा पडत्या भावाला तयार होत होता. एवढ्यात दादा खाली वाकला, चष्मा वर केला आणि म्हणाला, "वाळवी नाहीये गं ही. पॉलिशचा डाग आहे. पुसला की जाईल." वर खिशातून रुमाल काढून पुसूनही दाखवला. कोपरपर्यंत मी त्याच्याशी एक शब्द बोलले नाही. तो मात्र टेम्पोत पुढे बसून शेंगदाणे खात होता आणि मलाही देत होता. मी घेतले, पण बोलले नाही.

धाकट्याने गणपतीला येऊ नकोस म्हणून निरोप धाडला तरी हा कळव्याला गेलाच. आरतीच्या वेळी बाहेर जिन्यात बसला आणि आरती संपेपर्यंत मोदकांसाठी आणलेले सगळे नारळ सोलून ठेवले. धाकटा बाहेर येऊन म्हणाला, "तुझा देव चालवून घेतो वाटतं हे?" दादा म्हणाला, "अरे, नारळ सोलायला कुठला देव आडवा येतोय?" धाकट्याच्या बायकोने मुकाट्याने त्याला पान वाढलं. जिन्यातच.

आता वाटेल की निदान प्रार्थनेच्या मंडळीत तरी त्याचं कौतुक असेल. तिथे त्याहून गंमत. ज्या हॉलमध्ये ते जमतात, तिथल्या प्रमुखांना सगळे ब्रदर म्हणतात. त्यांनी एक दिवस भिंतीवर यादी लावली. टिकली लावू नये, टीव्ही बघू नये, इतरांच्या घरचा प्रसाद घेऊ नये, इतर धर्माच्या विधीला उभे राहू नये, अशी लांबलचक. बाकीच्यांनी माना डोलावल्या. दादाने ती यादी अनुभवी डोळ्याने तपासली आणि ब्रदरना म्हणाला, "दोन कलमं एकमेकांच्या विरोधात आहेत. तारीख नाही. आणि मुख्य म्हणजे ही लावलीत कशाला? बावीस वर्षं मी हेच केलं. यातून सुटायला तर मी इथे आलो." ब्रदर म्हणाले, शिस्त नको का? दादा म्हणाला, "हवी की. पण आधी यादी पाळा मग देव जवळ घेईल, असं असतं तर मला कोणी दारात उभं केलं नसतं. कृपेला नोटीस बोर्ड नसतो." हे मला सिस्टरनी सांगितलं. दादा स्वतःबद्दलचं असलं काही सांगत नाही.

मग माझ्या लेकीचं लग्न ठरलं. बोलणी अर्थात मी केली. हॉल, पाहुण्यांची संख्या, मानपान, संध्याकाळचा नाश्ता, एकेका गोष्टीवर मी व्याह्यांना घाम फोडला. शेवटी ते म्हणाले, "ताई, तुमचं सगळं मान्य. आमची एकच अट. बोहल्यावर मुलीच्या मागे मामा म्हणून धाकटे भाऊ उभे राहू देत. थोरले नकोत. चार लोकांत दिसायला बरं नाही." आणि मी, जिने आयुष्यात समोरच्याने सांगितलेला पहिला भाव कधी मान्य केला नाही, ती एका मिनिटात हो म्हणाले. वाटलं, बाकी सगळं मिळवलंय, एवढं सोडू.

दादाकडे गेले ती पूर्ण तयारी करून. तो काय काय बोलेल, मी काय काय उत्तर देईन, सगळं पाठ केलं होतं. तो रागावला असता तर मी दुप्पट रागावले असते. त्याने चहा दिला, माझं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "बरं. मग मी पार्किंग बघतो. त्या हॉलचं पार्किंग फार वाईट आहे." संपलं. मी चहाचा कप हातात धरून बसले. भांडायला आलेल्या बाईला त्याने भांडणच दिलं नाही. हीच ती फसवणूक. समोरच्याने ओरडावं, मग आपण ओरडावं, मग दोघांनी थोडं थोडं सोडावं, असं सगळं जग चालतं. त्याने सगळंच सोडलं आणि मला द्यायला काही ठेवलंच नाही.

लग्नाच्या दिवशी गुरुजींनी माईकवरून मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावे असं पुकारलं. धाकटा फेटा बांधून खोलीत गेला. लेक शालू नेसून खुर्चीवर बसलेली, ती उठेना. म्हणाली, "मोठे मामा खाली गाड्या लावतायत. ते आले की मी येते." धाकटा चिडला. मुहूर्ताला दहा मिनिटं. व्याही आत आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, आपलं ठरलं होतं." मी म्हटलं, "ठरलं होतं. पण जो माल माझा नव्हता तो मी विकला. सौदा मोडला. तुम्हाला मुलगा परत न्यायचा असेल तर न्या." एवढं बोलून मी शालूवालीला तिथेच ठेवून पैठणी वर खोचली आणि जिना उतरले.

दादा गेटवर शिट्टी तोंडात धरून एका इनोव्हाला मागे घेत होता. मी म्हटलं, चल वर. तो म्हणाला, "अगं, तू शब्द दिलायस ना?" मी म्हटलं, "मागे घेतला. चल." त्याने आधी इनोव्हा नीट लावली, मगच आला. वर धाकट्याने डोक्यावरचा फेटा काढला आणि त्याच्याकडे न बघता पुढे केला. "घे. पण गणपतीला परत माझ्या दारात यायचं नाही." दादा म्हणाला, "नारळ पाठवून दे मग." मंगलाष्टकं सुरू झाली. तो भाचीच्या मागे धुळीच्या बुटांनीच जाणार होता, मी ते काढायला लावले. सगळे मंगलाष्टकं म्हणत होते आणि याचे ओठ वेगळेच हलत होते. कोणाला ते खटकलं असेल तर असो. लेक मात्र अंतरपाट धरल्यापासून हसत होती. व्याह्यांनी मुलगा परत नेला नाही.

पंधरा दिवसांनी मी माफी मागायला गेले. मला ते जमत नाही, तरी गेले. तो म्हणाला, "ती मी त्याच दिवशी दिली, चहा देताना. तू न्यायला उशिरा आलीस." मी म्हटलं, असं कसं, मी काहीतरी करायला नको? तो म्हणाला, "शेंगदाणे घे."

धाकट्याने आपला शब्द पाळला. यंदा गणपतीला दादाला दार उघडलं नाही. आणि ब्रदरनी त्याला पत्र दिलं, रीतसर, सहीनिशी. परधर्माच्या विधीला उभा राहिलास, चुकलो म्हणून लिहून देईपर्यंत प्रभुभोजनात भाग नाही. म्हणजे रविवारी सगळ्यांना भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट मिळतो, तो त्याला नाही. मी म्हटलं, दे ना एक ओळ लिहून, तुझं काय जातंय. तो म्हणाला, "बावीस वर्षं मी लोकांकडून लिहून घेतलं. भाचीच्या मागे उभा राहिलो यात काय चुकलं, ते मला सापडत नाहीये. सापडलं तर नक्की लिहीन." तरी तो दर रविवारी जातो. दाराजवळच्या शेवटच्या खुर्चीवर बसतो. ताट त्याच्यासमोरून पुढे जातं. हल्ली सिस्टर त्याच्या शेजारी बसतात. आपल्या वाट्याचा तुकडा मोडतात आणि अर्धा न बोलता त्याच्या तळहातावर ठेवतात. हे त्यांनीच मला परवा सांगितलं, आणि सांगताना त्या डोळे पुसत नव्हत्या, चिडल्या होत्या. मला बरं वाटलं. त्या मंडळीत रागावणारं कोणीतरी हवंच.

त्याच्या सोसायटीचा बोर्ड अजून रिकामा आहे. परवा मी तिथे थोडा वेळ उभी राहिले. काच स्वच्छ होती, तो रोज पुसतो म्हणे. लाल स्केचपेन मी येताना विकत घेतलं होतं, पण त्या हिरव्या कापडावर काही लावायचा धीर झाला नाही. म्हणून इथे लिहिते. संबंधितांना कळविण्यात येते की, ज्या माणसाने कोणाचंही काही ठेवून घेतलं नाही, गोणीभर बॉलसुद्धा नाहीत, त्याला एका भावाने जिन्यात जेवायला बसवलं आणि एका मंडळीने भाकरीच्या तुकड्यावाचून ठेवलं. माझ्या वाट्याचं मी त्याच्यासमोर जाऊन बोलून आले. आता धाकट्याने बोलावं. ब्रदरनी बोलावं. घरी यावं, त्याच्या समोरच्या खुर्चीवर बसावं आणि कोणत्या कलमाखाली, ते सांगावं. चहा तो देईलच.