चांदीचं वासरू

श्रीनिवास गोगटे मुंबईला गुरांचा डॉक्टर झाला आणि यॉर्कशायरला येऊन गुराखी झाला. हे असं तोंडावर म्हटलेलं त्याला आवडायचं नाही, पण खरं ते खरं. बायको, शैला, लीड्सच्या हॉस्पिटलात डॉक्टर. तिचं बस्तान पक्कं. ह्याच्या पदवीला मात्र इथे कोणी विचारेना. इथली परीक्षा दोनदा दिली आणि दोनदा आपटला. शेवटी शहराबाहेर मेटकाफ नावाच्या शेतकऱ्याकडे गायींवर राहिला. बरं, गायी दुधाच्या असत्या तरी चाललं असतं. त्या मांसाच्या! सांगलीला आईला त्याने दुधाचा मोठा कारभार आहे असं कळवलं होतं. लीड्सच्या गणपतीत कोणी चौकशी केली की 'अ‍ॅनिमल सायन्समध्ये आहे' म्हणायचा आणि मोदकांकडे वळायचा. परत जावं तर शैलाची नोकरी आणि लेकीची, अलकाची, शाळा, राहावं तर हे असं. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना.

मेटकाफचा कायदा एकच होता. दर गायीला दर वर्षी वासरू. जुलै संपला की वळू कुरणातून बाहेर, आणि ऑक्टोबरात जी गाभण नसेल ती लॉरीत. लॉरी कुठे जायची ते विचारायला नको.

सत्त्याऐंशीच्या वसंतात एक तांबडी गाय पहिलटकरीण व्याली. कपाळावर पांढरा चांद, म्हणून श्रीनिवास तिला चांदी म्हणायचा. मेटकाफला तिच्या कानातला बिल्ला पुरे होता. पोर गोड होतं पण हावरट. दिवसभर आईला लुचायचं, आणि ती वाळून काटकी झाली. अशी गाय माजावर येत नाही. अंगात काही उरलंच नाही, तर पुढचं पोर कुठून धरणार बिचारी?

जूनमध्ये मेटकाफने उपाय सांगितला. अशा गायींची वासरं दोन दिवस टेकडीपलीकडच्या गोठ्यात ठेवायची, गायींना वर पेंड चारायची, मग त्या माजावर येतात.

"नजरेआड आणि कानाआड," तो बजावून म्हणाला. "अर्धवट करू नकोस."

श्रीनिवासने बाकीची वासरं नेली. चांदीचं मात्र नेववेना. वासरू जरा बाजूला काढताच तिने खाणंच टाकलं, फाटकाला मान घासत उभी राहिली. आणि ह्याला अलका आठवली. शैला आधी एकटी इंग्लंडला आली तेव्हा पोरीला सांगलीला आजीकडे ठेवली होती. पुढे विमानतळावर ती आईला बघून बापाच्या पायामागे लपली होती. शैला तेव्हा रडली नाही, नुसती ट्रॉली ढकलत राहिली. ते त्याच्या काळजात रुतून बसलेलं.

शिवाय सांगलीची सवय. तिथे वासरू समोर बांधल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. आईपुढून पोर हलवायचं म्हणजे पाप. त्याने मनाशी म्हटलं, दूध तोडलं की झालं, तोंड दिसलं तर काय बिघडतं? वासरू त्याने शेजारच्या खणात, गजांच्या फाटकापलीकडे कोंडलं. चांदी गजांतून त्याचं नाक चाटत राहिली आणि पेंडही खाऊ लागली. आपण मोठं शहाणपण केलं असं वाटून स्वारी खूश.

बाकीच्या गायी हंबरून हंबरून थकल्या आणि एकेक करून माजावर आल्या. चांदी शांत राहिली. वळू तिच्याजवळून जायचा, हुंगायचा आणि पुढे सरकायचा. रात्री माजावर आली असेल, आपण बघितलं नसेल, असं स्वतःला समजावत श्रीनिवासने जुलै काढला. मेटकाफला सांगायची छाती झाली नाही.

ऑक्टोबरात तरुण व्हेट, म्हणजे इथला गुरांचा डॉक्टर, गायी गाभण आहेत का ते तपासायला आला. हात घालून तपासणं हे श्रीनिवासचंही शिक्षण, पण इथे त्याने फक्त शेपूट धरायचं. चांदीची पाळी आली. व्हेट म्हणाला, रिकामी. मेटकाफने श्रीनिवासकडे पाहिलं आणि वासरू कुठे ठेवलं होतं ते विचारलं. ह्याने खरं सांगितलं.

व्हेटने हात धुता धुता सहज सांगितलं, "नुसतं दूध तोडून भागत नाही. पोर दिसलं, वास आला, की तिचं शरीर म्हणतं अजून हेच पोर सांभाळायचंय."

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. माया लावून गाय खाटकाकडे पाठवणारा हाच पहिला असेल!

लॉरी गेली तेव्हा वासरू कुंपणाशी ओरडत होतं. श्रीनिवासनेच त्याला दोरी लावली आणि टेकडीपलीकडच्या गोठ्यात नेलं. दोन दिवसांसाठी जिथे नेववलं नव्हतं, तिथेच. घरी ताट पुढे सारलं तेव्हा शैलाने विचारलं, "मांसाच्याच होत्या ना रे त्या?" होत्याच.

पुढच्या जूनमध्ये त्याने एकूण एक वासरू टेकडीपलीकडे नेलं. मागे वळून पाहिलं नाही. सगळ्या गायी माजावर आल्या, सगळ्या गाभण राहिल्या. मेटकाफने पहिल्यांदाच त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता शिकलास," तो म्हणाला. "आता तुला मी कुठे जाऊ देत नाही."

श्रीनिवास थँक्यू म्हणाला आणि आतून फाटकाची कडी लावून घेतली.